रिपोर्ट नॉर्मल आहेत

कॅज्युअल्टीत मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमाराला एका नव्या नवरीला जीपमधून आणलं. हातावरची मेंदी अजून पुरती उतरली नव्हती, चुडा हिरवागार. दातखीळ बसलेली, डोळे घट्ट मिटलेले, अंग ताठ व्हायचं आणि पुन्हा सैल पडायचं. वाटेत कांदा फोडून नाकाला लावून झाला होता, चप्पल हुंगवून झाली होती. सासूबाई म्हणत होत्या, "बाहेरचं काहीतरी असणार." डॉक्टरांनी नाडी पाहिली, पापणी उघडायला गेले तर तिनं ती आणखी घट्ट मिटली. ते माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "हिस्टेरिकल."

पुढं काय करायचं ते मला ठाऊक होतं, कारण सगळ्या सीनियर सिस्टर तेच करायच्या. अमोनियाचा बोळा. मी तो तिच्या नाकाशी धरला आणि धरूनच ठेवला. तिनं मान वळवली की बोळा त्या बाजूला. शेवटी तिला जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या आणि ती उठून बसली. वॉर्डबॉय मामा म्हणाले, "उतरलं नाटक." मी तिला म्हटलं, "काही झालेलं नाही तुला. सगळं नॉर्मल आहे. घरी जा." तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. गर्दीत ओळखीचं माणूस दिसलं म्हणून पुढं व्हावं आणि जवळ गेल्यावर ते भलतंच कुणी निघावं, तसं तिनं पाहिलं. केसपेपरवर "नातेवाइकांना समजावून घरी पाठवले" हे माझ्या अक्षरात आहे. तिला मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

पुढं मी मानसोपचारातला एक वर्षाचा डिप्लोमा केला. आता नोकरीची बरीचशी वर्षं घाटावरच्या एका जिल्ह्याच्या मानसोपचार वॉर्डात गेली आहेत. कागदोपत्री मी अधिपरिचारिका, वॉर्डात सिस्टर, आणि बाहेर अजूनही "त्या वेड्यांच्या दवाखान्यातल्या बाई". या सगळ्या वर्षांत मला सर्वांत जास्त भीती वाटली ती "काही झालेलं नाही" या वाक्याची. घरात उदास पडून असलेल्याला ते ऐकवतात: काय कमी आहे तुला? ज्याचं माणूस गेलंय त्याला सांगतात: झालं ते झालं, आता उठा. पिणाऱ्याला तर आजार आहे हेच कुणी मानत नाही, मस्ती म्हणतात. आणि ज्याचं अंग दुखतंय पण फोटोत काही दिसत नाही, त्याच्या हातात रिपोर्ट देऊन सांगतात, नॉर्मल आहेत.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. उपचारापर्यंत न पोचलेल्यांचं प्रमाण त्या पाहणीत आजारागणिक ७० ते ९२ टक्के निघालं. डॉक्टर कमी, दवाखाने लांब, ही कारणं खरीच आहेत. पण आमच्याकडं जी माणसं पोचतात त्यांच्याकडून मी वेगळंच ऐकते. ती आधी कुठं ना कुठं गेलेली असतात आणि तिथून "काही नाही" ऐकून परतलेली असतात.

आमच्या वॉर्डात दुखणं कुठल्या भाषेत येतं ते सांगते. "मला डिप्रेशन आलंय" असं म्हणत येणारा शंभरात एखादा, तोही शिकलेला. बाकीचे सांगतात: डोकं भणभणतं. घशात गोळा अडकल्यागत होतं. जिवाला कसनुसं होतं. हातापायाला मुंग्या येतात. अंगातलं बळ गेलं. पोट साफ होत नाही. यातलं एकही वाक्य खोटं नसतं. दुःखानं झोप जाते, भूक मरते, आतड्यांचं काम मंदावतं, पाठ आखडते, आणि हे सगळं खरोखर शरीरात घडतं. आपल्याकडं मनाचं दुखणं सांगायची सोय नाही, शरीराचं सांगायची आहे. माणूस उघड्या दारानं येतो, इतकंच.

किराणा दुकान चालवणारे एक काका असेच आले होते. तक्रार दोनच: बद्धकोष्ठ आणि कंबर. आठ किलो वजन उतरलेलं, एंडोस्कोपी झालेली, कॅन्सर नाही म्हणून घरच्यांनी पेढे वाटलेले. मी नाइटला होते. पहाटे साडेतीनला राऊंड मारताना बघितलं, ते पलंगावर बसून होते. दुसऱ्या रात्रीही साडेतीन. तिसऱ्या रात्रीही. ही वेळ दिवसा येणाऱ्या कुणालाच दिसत नाही. झोप लागते, पण दोन-तीन तास आधीच मोडते, आणि ती पहाट हा अख्ख्या दिवसातला सर्वांत वाईट काळ असतो. नैराश्याची ही जुनी, ओळखीची खूण. मी स्टूल ओढून बसले. बराच वेळ काही बोलले नाही. मग म्हटलं, "ही वेळ लई जड जात असेल." ते म्हणाले, "सिस्टर, उजाडूच नये असं वाटतं." हे वाक्य मी जसंच्या तसं नोट्समध्ये लिहिलं. सकाळच्या राऊंडला डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं.

गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि आमच्या कामातला सर्वांत नाजूक काळ हाच. अंगात ताकद आधी परतते, मन मागून येतं. जो माणूस इतके दिवस उठून तोंड धुवायला तयार नव्हता, त्याच्या हातापायांत बळ आलेलं असतं आणि मनातला अंधार मात्र तेवढाच असतो. घरचे खूश होतात. काकांनी तिसऱ्या आठवड्यात दाढी केली, शेजारच्या पेशंटशी पत्ते खेळले. हँडओव्हरला आम्ही सगळ्यांनी लिहिलं, "सुधारणा." मग मामांच्या मनगटावर मला काकांचं घड्याळ दिसलं. "काकांनीच दिलं, राहू दे म्हणाले." आणि काकूंना त्यांनी पासबुक आणि विम्याचे कागद घेऊन यायला सांगितलं होतं.

जीव द्यावासा वाटतो का असं विचारलं तर नसलेला विचार मनात येईल, अशी भीती पुष्कळांना असते. तसं होत नाही. विचारल्यानं माणसाला सुटल्यासारखं होतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता विचारताना माझी जीभ अडखळत नाही. फक्त शब्द आपले हवेत. मी त्यांच्या शेजारी बसले आणि विचारलं, "काका, जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतंय का?" ते माझ्याकडं न बघता बसून राहिले. मग त्यांनी उशीच्या खोळीत हात घातला आणि गोळ्या काढून माझ्या ओंजळीत ठेवल्या. अकरा होत्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त माझ्याच ड्युटीतल्या. नियम असा की गोळी दिली की पाणी पाजायचं, "आ करा" म्हणायचं, जीभ वर करायला लावायची, गालात बघायचं. मी बाकी सगळ्यांचं बघत होते. काका सभ्य, वयानं मोठे, मला "बाळ" म्हणायचे. त्यांना "जीभ दाखवा" म्हणायची मला लाज वाटली होती. त्यांचं वाईट व्हायचं असतं तर त्याला माझी ती लाज कारण ठरली असती. त्या दिवसापासून सभ्य माणसाचीही जीभ बघते, आणि आधी सांगून ठेवते, "हे मी सगळ्यांचं करते, काका."

काका बरे झाले. दुकान मुलगा बघतो, तेही बसतात.

सगळ्यांचं असं नाही होत. खेड्यात फवारणीच्या विषाला "औषध"च म्हणतात. "त्यानं औषध घेतलं" हे वाक्य फोनवर ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण ते कुठलं औषध हे पुढच्या वाक्यापर्यंत कळत नाही. मेडिसिन वॉर्डात जीव वाचलेल्या अशा माणसाकडं आम्हाला बोलावतात. पूर्वी त्याच्या उशाशी पोलीस केस उभी असायची. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा. त्याच्या ११५व्या कलमानं हे बदललं. ज्यानं असा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा नाही, आणि त्याला आधार देणं ही सरकारची जबाबदारी. नातेवाइकांना मी हे पहिल्या भेटीतच सांगते. चेहऱ्यावरचा निम्मा ताण तिथंच उतरतो. त्याच कायद्यानं भूल न देता शॉक देण्यावर बंदी आली, साखळीनं बांधण्यावरही. लोकांच्या डोळ्यांसमोर अजून जुनीच चित्रं आहेत, त्यामुळं हेही सांगत बसावं लागतं.

भरती करून घेताना आम्हाला अंगावरच्या वस्तू काढून घ्याव्या लागतात. नाडा, ओढणी, ब्लेड, काच. बायकांच्या बांगड्यांचा प्रश्न येतो. काचेच्या बांगड्या ठेवू देता येत नाहीत, आणि सवाष्णीच्या हातातल्या बांगड्या वाढवायच्या म्हणजे तिच्या मनाला आणखी एक घाव. घाईच्या वेळी कुणी त्या फोडतंही. मी साबणाचा फेस करते, तिचा हात माझ्या मांडीवर घेते आणि एकेक बांगडी सोडवते. पंधरा-वीस मिनिटं लागतात. मग तिच्यासमोर मोजून रुमालात बांधते आणि नातेवाइकाच्या हाती देते. त्या वीस मिनिटांत बाई जे बोलते ते नंतर तासाभराच्या मुलाखतीत बोलत नाही. अमेरिकेतल्या हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ मध्ये मांडलं होतं की परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच उपचाराचा गाभा आहे. परीक्षेला मी ते पाठ केलं होतं. मला ते कळलं साबणाच्या फेसात.

दारूचं बघा. एकदा ऑर्थोच्या वॉर्डातून रात्री फोन आला, "सिस्टर, तुमचा पेशंट आमच्याकडं आहे. वेड लागलंय, घेऊन जा." गवंडी होता. परांचीवरून पडून पाय मोडलेला, ऑपरेशन व्हायचं होतं. दोन्ही हात पलंगाला बांधले होते. घामानं निथळत होता, बोटं थरथरत होती. मी एक हात सोडवला. त्या हातानं त्यानं हवेतच करणी धरली, माल घेतला, वीट बसवली, वर बघून ओळंबा पाहिला. मग दुसरी वीट. चादरीवर मुंग्या दिसत होत्या त्याला, त्याही मधूनमधून झटकत होता. मी बायकोला विचारलं, "भरती होऊन किती दिवस झाले?" "आज तिसरी रात." "रोज किती लागायची?" ती खाली बघून म्हणाली, "सकाळी उठल्यापासनं. पण मला कुणी इचारलंच न्हाई."

रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की सहा-आठ तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना हा भ्रम होतो. यात माणूस दगावू शकतो. वेळेत औषध मिळालं तर सहसा दगावत नाही. दर काही तासांनी थरथर, घाम, मळमळ, भास यांना गुण देत तक्ता भरायचा, त्याप्रमाणे गोळी-इंजेक्शन, आणि ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. उजेड मंद पण अंधार नाही, ओळखीचं माणूस जवळ, आणि दर थोड्या वेळानं सांगायचं: तुम्ही दवाखान्यात आहात, पाय मोडलाय, मी सिस्टर आहे. भरतीच्या वेळी "पिता का?" असं विचारलं की उत्तर येतं "कधीतरी." म्हणून मी विचारते, "शेवटची कधी घेतली?" या प्रश्नात दोषाची चौकशी नसते. त्याला खरं उत्तर मिळतं.

त्या गवंड्यानं नंतर तीनदा सोडली आणि दोनदा पुन्हा धरली. दुसऱ्यांदा आला तेव्हा वॉर्डातलेच काही जण तोंड फिरवून हसले, त्याचं मला फार वाईट वाटलं. मधुमेहवाला साखर वाढवून आला तर आपण त्याला हसत नाही. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते उभं केलं, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचं बळ मिळालं. व्यसन हा आजार आहे हे महाराष्ट्रात घराघरांत बोललं जाऊ लागलं, त्यात त्या जागेचा वाटा मोठा. मी त्याला तिथला पत्ता लिहून दिला. बायकोला वेगळा वेळ दिला, कारण तिलाही कुणी इचारलं नव्हतं.

आता ज्या बाईंसाठी मी हे लिहायला बसले, त्यांच्याकडं येते.

२०२२ च्या हिवाळ्यात त्या ओपीडीत आल्या. पन्नाशीच्या आतबाहेर. हातात साडीच्या दुकानाची जाड पिशवी, रिपोर्टांनी फुगलेली. डाव्या छातीखाली कळ यायची, इतकी की भाकरी थापता थापता बसून घ्यावं लागायचं. पाच ईसीजी, टूडी इको, एंडोस्कोपी, एमआरआय. बचत गटाचं कर्ज काढून केलेलं सगळं. शेवटच्या डॉक्टरांनी "मानसिक आहे" म्हणून आमच्याकडं चिठ्ठी दिली होती आणि बाईंच्या मते तो अपमान होता. बसल्या बसल्या म्हणाल्या, "मी खोटं बोलत न्हाई, सिस्टर."

मी म्हटलं, "कळ येते यात मला शंकाच नाही. पिशवी बघू का?" एकेक कागद काढला, तारखेप्रमाणे लावला. प्रत्येकाचं काय आलंय ते त्यांना वाचून सांगितलं. इतके पैसे घालून केलेले रिपोर्ट त्यांना कुणी वाचूनच दाखवले नव्हते. सगळे निघाले आणि पिशवीच्या तळाशी मोबाइलचा चार्जर होता. काळा, वायर नीट गुंडाळून रबर लावलेला.

"हा कशाचा?"

त्या गप्प झाल्या. छातीखाली हात गेला. मग सांगितलं. २०२१ च्या एप्रिलात, कोरोनात, मालकांना अॅम्ब्युलन्समधून नेलं. खांद्यावर टॉवेल टाकून ते आपल्या पायांनी चढले होते. दुसऱ्या दिवशी फोन आला, बॅटरी संपत आलीय, चार्जर पाठव. बाईंनी एकाच्या हाती पाठवला, पण त्याला गेटवरूनच परत लावलं. पुन्हा फोन आला नाही. चौथ्या दिवशी कळवलं. तोंड बघायला मिळालं नाही, अंत्यविधी बाहेरच्या बाहेर झाला. दहाव्याला घाटावर जायला बंदी, म्हणून दिरानं घराच्या गच्चीवर पिंड ठेवला. कावळा येईना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

"खरा कावळा शिवलाच न्हाई," त्या म्हणाल्या. "कायतरी राह्यलंय त्यांचं."

आपल्याकडं कावळा शिवत नसला की घरचे पिंडासमोर मोठ्यानं बोलतात: पोराचं शिक्षण करू, आईला सांभाळू, काळजी करू नका. मी विचारलं, "तुम्हाला बोलायला मिळालं असतं तर काय सांगितलं असतं?"

"चार्जर पाठवला हुता, म्हणून सांगायचं हुतं. त्यांना वाटलं आसंल, हिनं पाठवला न्हाई."

आणि त्या रडल्या. गेल्यापासून पहिल्यांदा, असं नंतर म्हणाल्या. मी टेबलाच्या त्यांच्या बाजूला जाऊन बसले. बाहेर ओळ लागली होती, मामा दोनदा डोकावून गेले. मी हातानंच थांबा म्हटलं.

नर्सिंगला आम्हाला शोकाच्या पाच पायऱ्या शिकवतात, पाच गुणांचा प्रश्न ठरलेला. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या माणसांशी बोलून. मागं राहिलेल्यांना त्या नंतर चिकटल्या. मी तरी कुणाला त्या पायऱ्या ओळीनं चढताना पाहिलेलं नाही. आता लांबलेल्या शोकाला आजारांच्या यादीत वेगळं नाव मिळालंय: जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत किमान सहा महिने, अमेरिकेच्या २०२२ च्या यादीत मोठ्यांसाठी एक वर्ष. आपल्याकडं वर्षश्राद्धापर्यंत घरात सण करत नाहीत, म्हणजे वर्षाची मुदत आपल्या आज्यांनाही माहीत होती. पण ती मुदत दहावा, तेरावा, भेटायला येणारे, गळ्यात पडून रडणारे यांच्यासकट होती. या बाईंना ते काहीच मिळालं नव्हतं.

कळ एका रडण्यानं गेली नाही. तशी जात नसते. आम्ही ठरवलं की दर पंधरा दिवसांनी यायचं, कळ असो वा नसो. दुखलं तरच सिस्टर भेटते असं होऊ द्यायचं नाही. डॉक्टर एकच. नवीन लक्षण दिसलं तर तपासणार, उगाच पुन्हा एमआरआय नाही. कळ किती आली हे मी शेवटी विचारायचे, आधी विचारायचे की आठवडाभर काय काय केलं. मध्येच रात्री जीव घाबरला तर १४४१६ वर फोन करायचा, टेली-मानसचा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेला, फुकट आणि मराठीत. मुलाकडून नंबर सेव्ह करून घेतला त्यांनी. पुढच्या वर्षी श्राद्धाला त्या नदीवर गेल्या. तिथं त्या काय बोलल्या ते मी विचारलं नाही. कळ येते अजून, "पण भाकरी पुरी होती," म्हणाल्या.

गेल्या महिन्यात नर्सिंगच्या विद्यार्थिनींची पोस्टिंग होती. ओपीडीच्या बाकावर एका मुलीला झटके सुरू झाले. डोळे मिटलेले, मान या कुशीवरून त्या कुशीवर. कुणीतरी कांदा मागवला. एक विद्यार्थिनी धावत ट्रेकडं गेली, बोळा भिजवून आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "सिस्टर, नाटक करतीय ना?"

मी तिच्या हातातला बोळा घेतला आणि बादलीत टाकला. "घड्याळ बघ," म्हटलं. "किती वाजलेत लक्षात ठेव. बाक सरकव, डोक्याखाली तुझा अॅप्रन दे. तोंडात काही घालायचं नाही, हात धरून ठेवायचे नाहीत. आणि गर्दी हलव." अपस्माराची फिट कुठली आणि मनावरच्या ताणाची कुठली हे डॉक्टर ठरवतील, काहींना दोन्हीही असतात. मी खाली बसले, मुलीला कुशीवर घेतलं आणि सांगत राहिले, "मी इथंच आहे. तू दवाखान्यात आहेस. होईल कमी."

सात मिनिटं लागली. विद्यार्थिनीनं ती वहीत लिहिली. मुलीनं डोळे उघडले, आधी छताकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"काय झालं होतं गं आज सकाळी?" मी विचारलं.

ती म्हणाली, "पाणी पायजे," आणि विद्यार्थिनी पाणी आणायला गेली.